रक्तातील एका अक्षराची चूक

रोगाचे कारण एकदा समजले म्हणजे त्यावरील औषध फार दूर नसते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वैद्यकशास्त्राचा इतिहास मात्र ह्या समजुतीला सर्वस्वी दुजोरा देत नाही. जेनरने १७९६ मध्ये देवीची लस टोचली, तेव्हा देवी कशामुळे येतात हे कोणासच ठाऊक नव्हते. उलट क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये जगाला दाखविला. पण त्या जंतूला मारणारे स्ट्रेप्टोमायसिन हाती येण्यास १९४३ साल उजाडावे लागले. कारण आणि उपाय ह्यांच्यामध्ये किती मोठे अंतर असू शकते, आणि उपाय सापडल्यावरही तो रोग्याच्या उशाशी पोचण्यास आणखी किती वाट चालावी लागते, ह्याचे बोलके उदाहरण पाहावयाचे असल्यास सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक रोगाकडे पाहावे. ज्याचे मूळ शास्त्राने रेणूपर्यंत शोधून काढले असा हा पहिलाच रोग. असे असूनही ह्या रोगाने पीडित झालेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या वाट्याला त्या ज्ञानाचे फळ अजून पुरतेपणी आलेले नाही.

ह्या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद अमेरिकेत झाली. १९०४ मध्ये वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकण्यासाठी आलेला एक तरुण शिकागो येथील इस्पितळात दाखल झाला. त्याचे रक्त सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवले असता काही तांबड्या पेशी नेहमीप्रमाणे वाटोळ्या नसून लांबट व विळ्यासारख्या वाकड्या दिसल्या. जेम्स हेरिक ह्या डॉक्टरांनी १९१० मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली आणि ह्या चमत्कारिक आकाराचा अर्थ आपणांस सांगता येत नाही, हेही प्रांजळपणे नमूद केले. विळ्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यावरूनच पुढे रोगाचे नाव रूढ झाले. तो तरुण शिक्षण पुरे करून मायदेशी परतला, तेथे त्याने व्यवसायही केला. परंतु १९१६ मध्ये, ऐन तारुण्यात, फुप्फुसाच्या विकाराने त्याचा अंत झाला. आफ्रिकेत आणि भारतात हा रोग त्यापूर्वी कित्येक शतके नांदत होता. फक्त त्याला नाव नव्हते.

पेशीला विळ्याचा आकार का येतो, हे समजण्यासाठी निरोगी पेशीचे काम प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तांबडी रक्तपेशी ही शरीरातील हमाल होय. फुप्फुसात प्राणवायू उचलावयाचा आणि तो अवयवांत नेऊन उतरवावयाचा, हे तिचे काम. तिची रुंदी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सातआठ पट असते. पण ज्या केशवाहिन्यांतून तिला जावे लागते, त्यांपैकी कित्येक तिच्याहूनही अरुंद असतात. निरोगी पेशी मऊ व लवचीक असल्यामुळे अंग आकसून ती पलीकडे निघून जाते आणि मोकळी जागा मिळताच पुन्हा पूर्ववत होते. असा प्रवास ती सुमारे १२० दिवस करीत राहते. प्राणवायू उचलण्यासाठी प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचे सुमारे २७ कोटी रेणू भरलेले असतात. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा बनलेला असतो. दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत अमिनो आम्लांचे १४६ मणी ओवलेले असतात.

ह्या १४६ मण्यांपैकी सहावा मणी बदलला की सिकलसेल रोगाचा उगम होतो. एरवी तेथे ग्लुटामिक आम्ल असते. रोग्याच्या रक्तात तेथे व्हॅलिन असते. ग्लुटामिक आम्लाला पाण्याचे सान्निध्य मानवते, तर व्हॅलिन तेलकट प्रकृतीचे असून पाण्यापासून अंग चोरते. जोवर रेणूवर प्राणवायू लादलेला असतो, तोवर ह्या फरकाने काही बिघडत नाही. परंतु प्राणवायू उतरविताच रेणूचा आकार किंचित बदलतो, त्याच्या अंगावर एक खळगा उघडा पडतो आणि शेजारच्या रेणूचे व्हॅलिन त्या खळग्यात जाऊन बसते. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे रेणू चिकटत जाऊन त्यांचे ताठ दोर तयार होतात. हे दोर पेशीला आतून ताणतात आणि तिचा विळा होतो. फुप्फुसात परत गेल्यावर दोर विरघळतात व पेशी पुन्हा वाटोळी होते. पण हा खेळ वारंवार झाल्यावर तिचे कवच निकामी होते आणि ती कायमची वाकडीच राहते.

अशी ताठर पेशी केशवाहिनीत अडकली म्हणजे तिच्यामागे इतर पेशी खोळंबतात आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. त्यातून ज्या वेदना उत्पन्न होतात त्या अत्यंत दारुण असतात. हाडांत, पाठीत, छातीत, पोटात त्या कोठेही उठतात आणि कित्येक तास, कधी कित्येक दिवस टिकतात. तान्ह्या मुलाच्या हातापायांची बोटे सुजतात. पुष्कळदा आईला दिसणारे पहिले लक्षण हेच असते. विळ्याच्या पेशी १२० दिवसांऐवजी अवघे दहा ते वीस दिवस जगतात. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, मूल फिके दिसते, डोळ्यांवर कावीळ चढते. ह्या सर्वांत पहिला बळी जातो तो प्लीहेचा. रक्तातील जंतू गाळून काढणारा हा अवयव बालपणीच निकामी होतो आणि मग न्यूमोनियाच्या जंतूंपुढे मूल उघडे पडते. पुढे मेंदू, मूत्रपिंडे, डोळे, खुब्याचे हाड ह्यांनाही इजा पोचते. ऐन दहाव्या वर्षी मुलाला अर्धांगवायूचा झटका यावा, ही गोष्ट इतर बाबतींत दुर्मिळ; ह्या रोगात मात्र तिची धास्ती नेहमीच असते. थंडी, ताप, अतिश्रम आणि शरीरातील पाणी कमी होणे ही वेदनांना निमंत्रण देणारी नेहमीची कारणे होत.

ह्या सर्व अनर्थाचे मूळ एका रेणूत आहे हे कसे उमगले, ती कथाही मनोवेधक आहे. १९४५ मध्ये विल्यम कॅसल ह्या वैद्यांनी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग ह्यांना बोलता बोलता सांगितले की, ह्या पेशी प्राणवायू गमावल्यावरच वाकड्या होतात. पॉलिंग ह्यांच्या मनात तत्काळ आले की, प्राणवायूशी संबंध आहे त्या अर्थी दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनमध्येच असला पाहिजे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी व रोगी अशी दोन्ही हिमोग्लोबिने विद्युत्क्षेत्रात ठेवली, तेव्हा ती निरनिराळ्या गतीने सरकली. १९४९ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. एखादा रोग म्हणजे एका रेणूतील बिघाड, हे असे प्रथमच सिद्ध झाले. बिघाड नेमका कोठे, हे मात्र केंब्रिज येथील व्हर्नन इंग्रॅम ह्यांनी शोधले. त्यांनी दोन्ही हिमोग्लोबिनांचे रासायनिक कात्रीने लहान लहान तुकडे केले, ते कागदावर पसरले आणि एकेका तुकड्याची जोडी लावून पाहिली. सगळे तुकडे जुळले, एकच जुळेना. त्या तुकड्यात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन होते. हे १९५७ साल. पुढे हेही कळले की, अकराव्या गुणसूत्रावरील जनुकात एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर आले, एवढ्यानेच हा मणी बदलतो. मनुष्याच्या जनुकसंहितेत सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. त्यांतील हे एक अक्षर होय.

प्रत्येक मनुष्यास हे जनुक दोनदा मिळते. एक आईकडून, एक वडिलांकडून. दोहोंपैकी एकच सदोष असेल तर तो मनुष्य केवळ वाहक ठरतो. वाहकाच्या रक्तात निरोगी हिमोग्लोबिन पुरेसे असते, म्हणून तो सामान्यतः ठणठणीत असतो आणि आपण वाहक आहोत ह्याची त्याला आयुष्यभर दादही लागत नाही. दोन्ही जनुके सदोष असली तरच हा रोग त्याच्या पुऱ्या स्वरूपात प्रकट होतो. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रोगी होण्याचा संभव चारात एक, वाहक होण्याचा चारात दोन आणि सर्वस्वी निर्दोष होण्याचा चारात एक असतो. येथे एक गैरसमज पुष्कळ घरांत आढळतो. पहिले मूल रोगी निघाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब लोक मांडतात. तो चुकीचा आहे. नाणे उडविताना मागचा छाप पुढच्या खेपेस उपयोगी पडत नाही, तद्वतच प्रत्येक गर्भाचे दान नव्याने पडते.

इतका घातक दोष निसर्गाने हजारो वर्षे का जतन केला, हा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. त्याचे उत्तर १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन ह्यांनी पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून दिले. जेथे हिवतापाचा कहर, तेथेच हे जनुक विपुल. आणि वाहक मुलांना तीव्र हिवतापापासून संरक्षण मिळते. म्हणजे एक सदोष जनुक असलेले मूल हिवतापातून वाचते व वाढते, दोन असलेले रोगाने खंगते. हिवतापाने ग्रस्त प्रदेशात जगण्याची जी किंमत मानवजातीला द्यावी लागली, तिचा हप्ता आजही ही मुले फेडीत आहेत. २०२१ मध्ये जगात सुमारे ५ लाख १५ हजार मुले हा रोग घेऊन जन्मास आली, असा अंदाज आहे. त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत जन्मली.

भारतात ह्या रोगाची नोंद १९५२ मध्ये झाली. त्या वर्षी निलगिरीतील आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत विळ्याच्या पेशी आढळल्या. पुढील पाहण्यांतून गुजरातपासून ओडिशापर्यंत मध्य भारतावर पसरलेला एक रुंद पट्टा उघडकीस आला. महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर हे जिल्हे ह्याच पट्ट्यात येतात. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान ह्या जमातींत हा दोष आहेच; शिवाय विदर्भातील अनुसूचित जातींत व इतरही काही समाजांत तो आहे. तेव्हा हा केवळ जंगलातील रोग, असे समजून शहरातील लोकांनी निश्चिंत राहावे अशी स्थिती नाही. नोकरीधंद्यासाठी नागपूर, पुणे, मुंबई येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांबरोबर हे जनुकही शहरांत आलेले आहे. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाच्या अंदाजाप्रमाणे आदिवासी समाजात दर ८६ जन्मांमागे एक मूल हा रोग घेऊन येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. दोष १९५७ मध्ये कळला. मग औषध का सापडले नाही? एक कारण असे की, दोष लहान असला तरी त्याचा विस्तार अफाट आहे. प्रत्येक पेशीत कोट्यवधी रेणू आणि शरीरात तशा पेशी अब्जावधी. इतक्या रेणूंना दररोज, आयुष्यभर, अपाय न करता आवरून धरील असे रसायन तयार करणे ही सोपी गोष्ट नव्हे. ह्या दिशेने झालेल्या एका मोठ्या प्रयत्नाचा शेवट उद्बोधक आहे. व्हॉक्सेलोटर नावाचे औषध हिमोग्लोबिनलाच पकडून त्याला प्राणवायू घट्ट धरून ठेवावयास लावते. अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. रोग्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण त्याने वाढले, हे खरे; परंतु पुढील चाचण्यांत वेदनांचे झटके व मृत्यू ह्यांचे पारडे जड दिसल्यावरून सप्टेंबर २०२४ मध्ये उत्पादकांनी ते जगभरच्या बाजारातून काढून घेतले. तपासणीचा आकडा सुधारला म्हणजे रोगी सुधारलाच असे नव्हे, हा धडा ह्या प्रकरणाने पुन्हा एकदा शिकविला.

यश मिळाले ते आडवाटेने, आणि ती वाट तान्ह्या मुलांनी दाखविली. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन ह्यांच्या ध्यानात आले की, रोगी मुलांच्याही रक्तात जन्मतःच विळ्याच्या पेशी फारशा नसतात. कारण गर्भावस्थेत मनुष्याचे हिमोग्लोबिन निराळे असते. त्यात बीटा साखळी नसून गॅमा नावाची दुसरी साखळी असते आणि ती निर्दोष असते. जन्मानंतर सुमारे सहा महिन्यांत शरीर गॅमाचा कारखाना बंद करून बीटाचा सुरू करते, आणि रोगाचा आरंभ तेथून होतो. पुढे आफ्रिकेत अशी काही कुटुंबे आढळली की, ज्यांच्यात हा गर्भकालीन कारखाना मोठेपणीही बंद पडत नाही. अशा घरात सिकलसेलचे जनुक वारशाने आले तरी त्याचा उपद्रव जाणवत नाही. गर्भकालीन हिमोग्लोबिन दोरांच्या विणीत मध्येच घुसून ती मोडते. सारांश, सदोष जनुक दुरुस्त करण्याची गरजच नव्हती. जे निर्दोष जनुक निजलेले होते त्याला जागे केले म्हणजे पुरे होते.

हे काम करणारे पहिले औषध निराळ्याच कपाटात सापडले. हायड्रॉक्सियुरिया हे रसायन १८६९ पासून ठाऊक होते आणि काही रक्तकर्करोगांवर ते दिले जात असे. त्याने गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढते असे दिसून आल्यावर अमेरिकेत २९९ प्रौढ रोग्यांवर त्याची कसोटी घेण्यात आली. १९९५ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वर्षाकाठी येणारे वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. १९९८ मध्ये तेथे ह्या औषधाला मान्यता मिळाली. ते तोंडाने घ्यावयाचे, स्वस्त आणि जुने असे औषध आहे. आफ्रिकेतील चार देशांत मुलांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने वेदना तर कमी झाल्याच, शिवाय हिवताप आणि मृत्यूही कमी झाले. नागपूर येथे मुलांवर झालेल्या अभ्यासात दर किलो वजनास दिवसाला १० मिलिग्रॅम इतक्या अल्प व ठराविक मात्रेनेही चांगला गुण आला. थोडी मात्रा म्हणजे थोडा खर्च आणि रक्ततपासणीचा कमी जाच; खेड्यातील रोग्याच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे.

त्याच आडवाटेने पुढे गेल्यावर आधुनिक जनुकचिकित्सेचा टप्पा लागतो. गर्भकालीन कारखान्याचे दार बंद करणारा पहारेकरी कोण, ह्याचा शोध २००८ मध्ये लागला. बी-सी-एल-अकरा-ए असे त्या जनुकाचे नाव आहे. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पेंटिये ह्यांनी क्रिस्पर ही जनुके नेमकी कापण्याची कात्री उपलब्ध करून दिली. ह्या दोन शोधांचा संगम होऊन जी चिकित्सा सिद्ध झाली, तिला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. रोग्याच्या रक्तातून मूळ पेशी काढून घ्यावयाच्या, प्रयोगशाळेत त्यांतील पहारेकऱ्याला रक्तपेशींपुरते निष्प्रभ करावयाचे आणि त्या पेशी पुन्हा शरीरात सोडावयाच्या, अशी ही रीत आहे. पुरेसा काळ देखरेखीखाली असलेल्या ३१ रोग्यांपैकी २९ जणांना सलग निदान बारा महिने एकही तीव्र झटका आला नाही. ज्यांचे आयुष्य इस्पितळाच्या फेऱ्यांत गेले, त्यांच्यासाठी हे फळ किती गोड असेल ह्याची कल्पना करता येते.

परंतु ह्या फळाची किंमतही तशीच आहे. अमेरिकेत ह्या चिकित्सेच्या औषधाचा दर २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे १८ कोटी रुपये ठेवण्यात आला. पैशाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी वाट खडतरच राहते. नव्या पेशींना जागा करून देण्यासाठी रोग्याची जुनी अस्थिमज्जा जहाल औषधाने नष्ट करावी लागते. त्यात वंध्यत्वाचा धोका असतो आणि कित्येक आठवडे निर्जंतुक खोलीत काढावे लागतात. ज्यांना सख्ख्या भावंडाची जुळणारी अस्थिमज्जा मिळते, त्यांना तिच्या रोपणानेही रोगमुक्त करता येते, आणि हे १९८४ पासून ठाऊक आहे. पण कोणतेही एक भावंड जुळण्याचा संभव चारात एक, आणि ते भावंड स्वतः रोगी नसले पाहिजे. भारतात दिल्ली येथील सी-एस-आय-आरच्या जनुकविज्ञान संस्थेने स्वदेशी क्रिस्पर चिकित्सा तयार करून तिला बिरसा मुंडा ह्यांच्या स्मरणार्थ ‘बिरसा १०१’ असे नाव दिल्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. ती अल्प खर्चात पुरविता यावी म्हणून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी सहकार्य करण्याचेही त्या वेळी सांगण्यात आले. हा उपक्रम स्तुत्य होय. तथापि स्वस्त झालेल्या चिकित्सेलाही सुसज्ज इस्पितळ आणि निष्णात डॉक्टर लागणारच, हे विसरून चालणार नाही.

सातपुड्यातील एखाद्या पाड्यावर जन्मलेल्या मुलाचे प्राण वाचविण्यासाठी मात्र ह्या कात्रीची वाट पाहण्याचे कारण नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत २१५ लहान मुलांवर झालेला प्रयोग ह्या बाबतीत फार बोलका आहे. निम्म्या मुलांना दिवसातून दोनदा पेनिसिलिनची गोळी देण्यात आली. त्यांच्यातील गंभीर जंतुसंसर्ग इतका घटला, दर शंभरी चौऱ्यांशीने, की प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवून सर्व मुलांना ती गोळी द्यावी लागली. परंतु गोळी वेळेवर देण्यासाठी मूल रोगी आहे हे चार महिन्यांच्या आत कळले पाहिजे. गावोगावच्या पाहणीत वापरली जाणारी विद्राव्यतेची सोपी चाचणी येथे उपयोगी पडत नाही. कारण तान्ह्या मुलाच्या रक्तात गर्भकालीन हिमोग्लोबिन भरपूर असते. त्यासाठी जन्मतःच टाचेतील रक्ताच्या थेंबाची निराळी तपासणी करावी लागते. ही तपासणी, पेनिसिलिनची गोळी, न्यूमोनियाची लस, हायड्रॉक्सियुरियाचा अखंड पुरवठा, भरपूर पाणी, आणि वेदनेने तळमळणाऱ्या रोग्यास नशाबाज न समजता वेळीच वेदनाशामक देणारा डॉक्टर, एवढी सामग्री असली तरी असंख्य मुले मोठी होतील. यांपैकी एकही गोष्ट नवीन नाही.

राहिला प्रश्न प्रतिबंधाचा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावयाची, प्रत्येकास कार्ड द्यावयाचे आणि २०४७ पर्यंत ह्या रोगाचे सार्वजनिक आरोग्यावरील सावट दूर करावयाचे, असा तिचा संकल्प आहे. लग्न ठरविताना पत्रिकेतील नाडी पाहणाऱ्या समाजाने रक्ताचे कार्ड पाहावे, ही सूचना युक्त वाटते. तरीही ह्या वाटेवर एक खड्डा आहे आणि इतरांनी त्यात पडून पाहिले आहे. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस ह्या गावात सुमारे चौथा हिस्सा लोक वाहक होते. तेथे शास्त्रज्ञांनी सर्वांची तपासणी करून लग्नाविषयी सल्ला दिला. सात वर्षांनी पाहतात तो रोगी मुलांच्या जन्माचे प्रमाण जसेच्या तसे! वाहकांना कमीपणा येऊ लागल्याने लोकांनी आपले निकाल लपविले होते. अमेरिकेतही १९७० नंतरच्या दशकात निरोगी वाहकांना विम्यात व नोकरीत भेदभाव सोसावा लागला. तेथील हवाई दलाच्या विद्यालयात १९८१ पर्यंत त्यांना प्रवेशच नव्हता. जेथे मुलीच्या बाजूने बोट दाखविण्यास समाज नेहमीच सज्ज असतो, तेथे हे कार्ड एखाद्या वधूच्या कपाळीचा डाग होण्यास वेळ लागणार नाही.

म्हणून वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे वाक्य शाळेतील मुलापासून घरातील वडीलधाऱ्यांपर्यंत सर्वांना पाठ असले पाहिजे. हा रोग स्पर्शाने होत नाही, एकत्र जेवल्याने होत नाही, आणि तो आईकडून जितका येतो तितकाच वडिलांकडून येतो. दोन वाहकांचे लग्न झालेच तर गर्भावस्थेतच तपासणी करून घेण्याची सोय आहे. ज्यांना रोग आहे, त्यांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संरक्षण दिलेले आहे. शाळेतील वारंवार गैरहजेरी किंवा थंडीत अंगावर चढविलेला जादा स्वेटर हा त्यांचा आळस किंवा लाड नसून रोगाशी चाललेला झगडा आहे, हे शिक्षकांनी व मालकांनी ओळखावे.

एका अक्षराची चूक शोधण्यास शास्त्राला सुमारे अर्धे शतक लागले, आणि त्या चुकीला वळसा घालणारी कात्री घडविण्यास आणखी साठसत्तर वर्षे. हे दोन्ही पराक्रम प्रयोगशाळेतील होते. ह्यापुढील अंतर प्रयोगशाळेतून नव्हे, तर आरोग्यकेंद्राच्या कपाटातून, परिचारिकेच्या पिशवीतून आणि लग्नाच्या बोलणीतून जाणारे आहे. ते कापण्यास नवा शोध लागत नाही. टाचेतील रक्ताचा तो एक थेंब वेळेवर घेतला जाणे आणि त्याचा निकाल कळल्यावर कोणत्याही घराची मान खाली न जाणे, एवढे मात्र लागते.